जुने कार्ड चालते, पण मॅनेजमेंट सॉफ्टवेअरला दिसत नाही: दोष कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: नऊ स्लॉटचे सिस्को कॅटॅलिस्ट ६५०९ चॅसिस (कार्डे बसवायची स्विचची पेटी), त्यात वेगवेगळ्या वर्षी घेतलेली कार्डे. नवा सर्व्हर उभारून त्यावर लिबरएनएमएस (नेटवर्कवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर) टाकले. बाकीची कार्डे मॉडेल नंबरासकट दिसतात, पण स्लॉट २ मधले कार्ड ‘अननोन’ येते आणि स्लॉट ८ मधले यादीतच नाही. शिवाय शॉप फ्लोअरवर १० एमबीपीएसचा जुना मॅनेज्ड हब आहे. तो कधी दिसतो, कधी गायब होतो, आणि दिसला तरी त्यातली मॉड्यूल्स दिसत नाहीत. ट्रॅफिक मात्र सगळीकडे सुरळीत. दोष कार्डाचा की सॉफ्टवेअरचा?

ही एकसारखी दिसणारी तीन वेगळी दुखणी आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला दिले की दिवस वाया जातो, आणि बऱ्याचदा चांगले कार्ड उगाच बाहेर काढले जाते. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ओळख पटवण्याचे काम कसे चालते ते पाहू.

मॅनेजमेंट सॉफ्टवेअर कार्ड थेट ‘बघत’ नाही. कार्ड स्लॉटमध्ये बसले की चॅसिसचा सुपरव्हायजर (पेटी चालवणारे मुख्य कार्ड), किंवा हबमधले मॅनेजमेंट कार्ड, त्या कार्डावरच्या छोट्या ईईप्रॉममधून (कायमस्वरूपी मेमरी चिपमधून) मॉडेल, सिरियल नंबर आणि हार्डवेअर आवृत्ती वाचतो. ही माहिती त्याच्यातला एजंट, म्हणजे एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलमध्ये उत्तरे देणारा प्रोग्राम, एका टेबलात मांडतो. सर्व्हर यूडीपी पोर्ट १६१ वर ते टेबल मागतो. उत्तरात आलेला आकडा सॉफ्टवेअर आपल्या वहीत, म्हणजे आकडा आणि नाव जोडणाऱ्या एमआयबी फायलींत, शोधते, आणि वहीत नाव असेल तरच ते पडद्यावर येते. कार्डापासून एजंट, एजंटपासून टेबल, टेबलापासून वायर, वायरपासून वही: या साखळीत कुठेही खंड पडला तरी कार्ड बहुधा आपले पॅकेट इमानेइतबारे पुढे पाठवतच राहते. रिपीटर हबमध्ये (आलेला सिग्नल सगळ्या पोर्टांवर पुढे देणाऱ्या पेटीत) तर मॅनेजमेंट कार्ड बंद पडले तरी मॉड्यूल सिग्नल पुढे देत राहते. त्यामुळे ‘दिवे लागतात’ यावरून ओळख पटवण्याच्या वाटेबद्दल काहीच कळत नाही.

सुरुवात नेहमी मॅनेजमेंट सर्व्हरवरूनच करा, स्वतःच्या लॅपटॉपवरून नको. लॅपटॉप वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) असतो आणि त्याला वेगळी अॅक्सेस लिस्ट लागते, त्यामुळे तिथे चालले म्हणजे सर्व्हरवर चालेल याची खात्री नसते. सर्व्हरच्या कमांड लाइनवरून एसएनएमपीगेटने दोनच गोष्टी विचारा: १.३.६.१.२.१.१.१.० म्हणजे सिसडेस्क्र (उपकरणाचे वर्णन) आणि १.३.६.१.२.१.१.२.० म्हणजे सिसऑब्जेक्टआयडी (उपकरणाचा प्रकार सांगणारा आकडा). उत्तर नावांत न मागता आकड्यांत मागा. नावांत मागितले की सर्व्हरवरच्या एमआयबी फायलींची चूक उत्तरात मिसळते, आणि आपल्याला नेमकी तीच चूक वेगळी काढायची आहे.

दुसऱ्या उत्तराची सुरुवात १.३.६.१.४.१ अशी असते आणि त्यापुढचा आकडा बनवणाऱ्या कंपनीचा. ९ सिस्को, ११ एचपी, ४३ थ्रीकॉम, ४५ सिनॉप्टिक्स, ४९ चिपकॉम, ५२ केबलट्रॉन. कंपन्या विकल्या गेल्या तरी जुन्या पेट्यांमधला हा आकडा बदलत नाही. सिनॉप्टिक्स १९९४ मध्ये वेलफ्लीटशी एकत्र होऊन बे नेटवर्क्स झाली, १९९८ मध्ये बे नॉर्टेलकडे गेली, तरी त्या घराण्यातली पेटी आपला आकडा ४५ च सांगते. थ्रीकॉम २०१० मध्ये एचपीने घेतली म्हणून जुना थ्रीकॉम हब ११ सांगायला लागत नाही. पुढच्या पट्टीवर नंतरच्या मालकाचा स्टिकर असेल तर त्यावर विसंबू नका, हा आकडा पाहा. सॉफ्टवेअरमध्ये उपकरण चुकीच्या कंपनीच्या नावाखाली हाताने नोंदवले असेल तर पुढचे सगळे प्रश्न चुकीच्या टेबलाला विचारले जातात.

६५०९ बाबत तर आणखी एक गंमत आहे. तेच चॅसिस कॅटओएसवर (सिस्कोच्या स्विचांची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) चालत असेल तर या उत्तराची शेपटी ९.५.४४ येते आणि आयओएसवर (सिस्कोची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालत असेल तर ९.१.२८३. लोखंड एकच, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ही दोन वेगळी उपकरणे. कॅटओएसमध्ये कार्डांची हक्काची यादी १.३.६.१.४.१.९.५.१.३.१ या मॉड्यूल टेबलात असते. आयओएसमध्ये ती एंटिटी एमआयबीत (पेटीतल्या भागांच्या प्रमाणित टेबलात), म्हणजे १.३.६.१.२.१.४७.१.१.१ खाली. त्याहून जुन्या सिस्को राउटरांवर १.३.६.१.४.१.९.३.६.११ हे कार्ड टेबल हाच आधार. जुन्या चॅसिसवर कधीकाळी कॅटओएसवरून आयओएसवर स्थलांतर झाले असेल आणि सॉफ्टवेअरमधली नोंद जुन्या डेटाबेसमधून आणलेली असेल, तर ही शेपटी आधी ताडून पाहा.

आता मुख्य काम. चॅसिसवर कन्सोलने किंवा एसएसएचने लॉगिन करून ‘शो मॉड्यूल’ घ्या आणि ते एका फायलीत ठेवा. मग सर्व्हरवरून एंटिटी टेबलावर पूर्ण वॉक मारा, म्हणजे सगळे टेबल क्रमाने मागत जा, आणि तो दुसऱ्या फायलीत ठेवा. तिसरी बाजू सॉफ्टवेअरचे इन्व्हेंटरी पान. पुढचा सगळा निर्णय या तिन्हींच्या तुलनेवर उभा आहे.

एंटिटी टेबलातले रकाने ओळखीचे हवेत, कारण उत्तरात फक्त आकडे येतील. २ वर्णन, ३ व्हेंडर टाइप, ४ ‘कशाच्या आत आहे’, ५ प्रकार, ७ नाव, ११ सिरियल नंबर, १३ मॉडेलचे नाव. प्रकारात ३ म्हणजे चॅसिस, ५ म्हणजे खोबण किंवा कंटेनर, ६ पॉवर सप्लाय, ७ पंखा, ९ मॉड्यूल, १० पोर्ट.

इथे जुन्या हार्डवेअरचे पहिले मोठे कारण दडलेले आहे. एंटिटी एमआयबीची पहिली आवृत्ती, १९९६ ची आरएफसी (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) २०३७, हिच्यात रकाने फक्त ७ पर्यंत होते. हार्डवेअर आवृत्ती, सिरियल, उत्पादक, मॉडेल हे ८ पासून पुढचे रकाने १९९९ च्या आरएफसी २७३७ मध्ये आले. जुना एजंट पहिली आवृत्तीच बोलत असेल तर मॉडेलचे नाव तो देणारच नाही. त्याच्याकडे तो रकानाच नाही. सॉफ्टवेअर मात्र १३ वा रकाना मागते, तिथे काही मिळत नाही, आणि ‘अननोन’ छापून मोकळे होते. तेच नाव रकाना २ मध्ये, वर्णनात, अनेकदा धडधडीत लिहिलेले असते. फक्त एक कार्ड ‘अननोन’ असेल तर हे कारण सहसा लागू होत नाही, कारण टेबल सगळ्या कार्डांसाठी एकच एजंट भरतो. सगळीच कार्डे बिननावाची असतील तर सर्वांत आधी हेच तपासा.

दुसरी गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: वॉक टेबल ओळीओळीने वाचत नाही, रकान्यारकान्याने वाचतो. आधी सगळ्या कार्डांचे वर्णन, मग सगळ्यांचा व्हेंडर टाइप, असे करत शेवटाकडे मॉडेलचे नाव. सेन्सर, पोर्ट, ट्रान्सीव्हर धरून ६५०९ च्या या टेबलात शेकडो ओळी होतात. वॉक मध्येच टाइमआउट झाला तर पुढच्या रकान्यांवर कुऱ्हाड पडते, आणि ज्या रकान्यात तुटला त्यातली अर्धी कार्डे नाव सांगून झालेली असतात, अर्धी राहून जातात. म्हणून खूण लक्षात ठेवा. नाव नसलेली कार्डे सगळी शेवटच्या स्लॉटांत असतील तर वॉक तुटला असे समजा. ती मध्येच, विखुरलेली असतील तर वहीत नाव नाही. तुमच्याकडे स्लॉट २ बिननावाचा आणि त्याच्या पुढचे स्लॉट नावासकट, म्हणजे तुटलेल्या वॉकचा संशय जवळजवळ गळतो. स्लॉट ८ बाबत मात्र तो कायम राहतो.

स्लॉट २: ‘अननोन’

वॉकच्या फायलीत या कार्डाची ओळ शोधा. रकाना १३ मध्ये मॉडेल असेल आणि तरी सॉफ्टवेअर ‘अननोन’ म्हणत असेल, तर प्रश्न पूर्णपणे सर्व्हरवरचा आहे. रकाना १३ रिकामा आणि रकाना ३ मध्ये १.३.६.१.४.१.९.१२.३ ने सुरू होणारा लांब आकडा असेल, तर सॉफ्टवेअरने तो आकडा नावात बदलायला हवा होता. त्यासाठी लागते सिस्कोची एंटिटी-व्हेंडरटाइप एमआयबी फाइल. सर्व्हरच्या एमआयबी फोल्डरमधली ती फाइल जुनी, अर्धवट किंवा दुसऱ्या फायलीने झाकलेली असू शकते. एकाच नावाच्या दोन एमआयबी फायली दोन फोल्डरांत असल्या की शोधक्रमात पहिली सापडलेली वापरली जाते, आणि ती नेमकी जुनी निघते. नवी फाइल टाका, जुनी तिथून हलवा, आणि एसएनएमपीट्रान्सलेटला तो लांब आकडा देऊन नाव येते का पाहा. नाव आले की मगच सॉफ्टवेअरकडे वळा.

व्यापारी मॅनेजमेंट पॅकेजांत उलटेही घडते. नव्या आवृत्तीत विक्री आणि आधार थांबलेल्या उपकरणांची वर्णने वगळलेली असतात. जुन्या सर्व्हरवर दिसणारे कार्ड अपग्रेडनंतर अनोळखी झाले असेल तर कार्डाला काहीही झालेले नाही. अशा वेळी पॅकेजमध्ये हाताने प्रकार नोंदवण्याची सोय आहे का ते बघा, बहुतेकांत असते.

रकाना १३ आणि ३ दोन्ही निरर्थक असतील, किंवा ३ मध्ये नुसते ०.० असेल, तर एजंटलाच कार्ड कळलेले नाही. आता ‘शो मॉड्यूल’ आणि ‘शो आयडीप्रॉम मॉड्यूल २’ पाहा. आयडीप्रॉममध्ये, म्हणजे कार्डावरच्या त्याच ईईप्रॉममध्ये, मॉडेल आणि सिरियल नीट छापले जात असतील पण ‘शो मॉड्यूल’ गोंधळलेले असेल, तर सुपरव्हायजरवरच्या आयओएसला हे कार्ड ठाऊक नाही; इमेज बदलल्याशिवाय इलाज नाही. आयडीप्रॉमच वाचता येत नसेल किंवा त्यात कचरा येत असेल, तर संपर्काचा दोष किंवा ईईप्रॉम खराब. आता स्क्रूड्रायव्हर उचलायला हरकत नाही.

कार्ड पुन्हा बसवताना: ईएसडी (स्थिर विजेपासून वाचवणारा) पट्टा चॅसिसच्या धातूला लावा, दोन्ही बाजूंचे स्क्रू पूर्ण सैल करा, दोन्ही इजेक्टर लिव्हर एकदम उघडा, कार्ड सरळ बाहेर ओढा. बॅकप्लेनच्या कनेक्टरमध्ये टॉर्च मारून वाकलेली पिन आहे का ते बघा. वाकलेली दिसली तर त्या स्लॉटमध्ये दुसरे कार्ड घालून ‘बघू’ नका. चांगल्या कार्डाचा कनेक्टरही जातो. पिना ठीक असतील तर कार्ड रुळांवर बसवून एका दमात आत सरकवा, दोन्ही लिव्हर एकाच वेळी मिटवा, स्क्रू घट्ट करा. एक लिव्हर आधी, एक नंतर असे केले की कार्ड तिरके बसते आणि काही पिना नीट जुळत नाहीत. हे काम देखभालीच्या वेळेतच करा. कार्ड चालू चॅसिसमध्ये बदलता येते हे खरे, पण आत-बाहेर करताना बसवर क्षणभर थांबा येतो आणि तो बाकीच्या कार्डांनाही जाणवू शकतो.

स्लॉट ८: यादीतच नाही

कार्डावर ट्रॅफिक आहे, म्हणजे ते बंद नाही. तरी ‘शो मॉड्यूल’मधली स्थिती पाहून घ्या. तिथे ओके नसून पॉवर-डाउन किंवा पॉवर-डिनाय असेल तर ‘शो पॉवर’ घ्या आणि सप्लायचा हिशेब लावा. एसएनएमपीने हेच बघायचे असेल तर १.३.६.१.४.१.९.९.११७.१.२.१.१.२ हा रकाना वाचा: २ म्हणजे ठीक, ७ बिघाड, ९ चॅसिसशी न जुळणे, १० कॉन्फिगरेशनशी न जुळणे, १५ बंद, १७ वीज नाकारली.

जाता जाता, एचपीचे ५४०० झेडएल वापरणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. त्या चॅसिसवर ‘नो अलाऊ-व्ही१-मॉड्यूल्स’ ही आज्ञा दिली की पहिल्या पिढीची मॉड्यूल्स चालूच होत नाहीत. नव्या मॉड्यूल्सची सगळी क्षमता मिळावी म्हणून कुणीतरी ती देते, आणि जुने मॉड्यूल ‘मेले’ म्हणून भंगारात जाते.

तुमच्या स्लॉट ८ ला तीन शक्यता उरतात, आणि वॉकची फाइल त्या वेगळ्या करते.

फाइल शेवटी टाइमआउटच्या संदेशाने संपत असेल तर वॉक तुटला. नेट-एसएनएमपीची (वॉकच्या आज्ञा पुरवणाऱ्या पॅकेजची) मूळ मर्यादा १ सेकंद वाट आणि ५ पुनर्प्रयत्न अशी असते. जुन्या सुपरव्हायजरला ती कमी पडते. वाट ५ सेकंदांची करा. मग साधा वॉक आणि बल्कवॉक दोन्ही मारून बघा. साधा पूर्ण होतो आणि बल्क तुटतो, असे असेल तर उत्तराच्या आकाराची भानगड आहे. बल्कमध्ये एका पॅकेटात अनेक ओळी येतात, पॅकेट १५०० बाइटांपुढे गेले की त्याचे तुकडे होतात, आणि वाटेतली फायरवॉल तुकडे टाकून देते. वायरवरची पॅकेटे दाखवणारा टीसीपीडम्प लावताना फिल्टर उपकरणाच्या आयपीवर लावा, पोर्ट १६१ वर नको. पहिल्याच तुकड्यात पोर्ट नंबर असतो. पोर्टवर फिल्टर लावला की पुढचे तुकडे दिसतच नाहीत आणि ते पोहोचले की नाही हे कळायला मार्ग राहत नाही. उपाय: सॉफ्टवेअरमध्ये त्या उपकरणापुरती बल्कची पुनरावृत्ती ५ किंवा १० वर आणा. डिस्कव्हरीला (उपकरणात काय काय आहे याच्या चौकशीला) थोडा वेळ जास्त लागेल, पण ती पूर्ण होईल.

वॉक व्यवस्थित संपला आणि त्यात कार्ड ८ आहे, तरी पानावर नाही? मग रकाना ४ बघा. लिबरएनएमएस इन्व्हेंटरी झाडासारखी काढते: ज्याचा रकाना ४ शून्य तो मूळ, मग त्याच्या आतले, मग त्यांच्या आतले. कार्डाच्या रकाना ४ मध्ये असा क्रमांक असेल ज्याची ओळच टेबलात नाही, तर कार्ड पोरके होते. डेटाबेसमध्ये असते, झाडावर कुठेच लटकत नाही. ही फर्मवेअरची चूक आहे. काही पॅकेजे प्रकार ९ असलेल्याच ओळी मॉड्यूल म्हणून दाखवतात. जुन्या एजंटाने तिथे १ म्हणजे ‘इतर’ किंवा २ म्हणजे ‘माहीत नाही’ लिहिले असेल तर कार्ड तिथेही वगळले जाते. दोन्ही बाबतींत सर्व्हरवर कितीही वेळा डिस्कव्हरी चालवा, फरक पडणार नाही. आयओएस अपग्रेड करा, किंवा कार्ड इन्व्हेंटरीत हाताने नोंदवा आणि त्याच्या पोर्टांवर लक्ष ठेवा. पोर्ट इंटरफेस टेबलातून स्वतंत्रपणे येतात, त्यांना या झाडाची गरज नसते.

वॉक नीट संपला आणि त्यात कार्ड नाही, पण ‘शो मॉड्यूल’मध्ये आहे, तर एसएनएमपी व्ह्यू (कोणता भाग वाचू द्यायचा याची मर्यादा) तपासा. सुरक्षेसाठी कुणी कम्युनिटीला (एसएनएमपीच्या पासवर्डसारख्या शब्दाला) मर्यादित व्ह्यू जोडला असेल तर टेबलाचा काही भाग झाकला जातो, आणि उपकरण तक्रार न करता उरलेलेच देते.

एक अगदी साधे कारणही राहू नये: कार्ड नुकतेच बसवले असेल तर थांबा. लिबरएनएमएसचे पोलिंग (आकडे गोळा करणे) दर ५ मिनिटांनी होते, पण कार्डांची यादी बनवणारी डिस्कव्हरी दर ६ तासांनी. घाई असेल तर त्या एका उपकरणावर एंटिटी-फिजिकल मॉड्यूलपुरती डिस्कव्हरी डीबगसह हाताने चालवा. उपकरण डिलीट करून पुन्हा जोडण्याचा मोह मात्र टाळा. त्याने ओळख सुधारत नाही, उलट वर्षानुवर्षांचे ग्राफ जातात.

कार्डे हलवताना इंटरफेसचे क्रमांक बदलतात हेही लक्षात असू द्या. ‘एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट’ आधी लावलेले नसेल तर रीबूटनंतर एका पोर्टचा ग्राफ दुसऱ्याच पोर्टचा इतिहास पुढे चालवू लागतो. कार्ड काढण्याआधी ही ओळ कॉन्फिगरेशनमध्ये आहे का ते पाहा.

शॉप फ्लोअरचा हब

याला चॅसिसच्या फूटपट्टीने मोजू नका, त्याची भाषाच वेगळी आहे. ‘कधी दिसतो, कधी नाही’ आणि ‘मॉड्यूल्स दिसत नाहीत’ हे इथेही दोन वेगळे प्रश्न.

आधी येणे-जाणे. रिपीटर हब नेहमी हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच बाजू बोलते. तो ज्या स्विच पोर्टला जोडला आहे तो कुणी फुल डुप्लेक्सवर बांधून ठेवला असेल तर स्विच वाटेल तेव्हा पाठवतो आणि हबवर टकरा होतात. साधा पिंग तरीही लागतो, कारण तो छोटा आणि विरळ असतो. डिस्कव्हरीच्या वेळी पॅकेटांची रांग लागते तेव्हा काही गळतात आणि हब ‘डाउन’ होतो. १४०० बाइटांचा पिंग शंभरदा मारून बघा; गळती दिसली तर स्विच पोर्टचे एरर काउंटर वाचा. फुल बाजूला एफसीएस चुका (बिघडलेल्या फ्रेम) आणि रंट (अर्धवट फ्रेम) वाढताना दिसतील. पोर्ट १० एमबीपीएस हाफ डुप्लेक्सवर बांधा, किंवा ऑटोवर सोडा. हब ऑटोनिगोशिएशन बोलत नसेल तर ऑटो पोर्ट वेग ओळखून स्वतःच हाफवर येतो. आणखी एक अडचण नव्या स्विचवर येते: अनेक कॉपर एसएफपी (खोचायची पोर्ट-मॉड्यूल्स) आणि मल्टीगिग पोर्ट १० एमबीपीएसवर उतरतच नाहीत, त्यांच्यावर लिंकच येणार नाही. मध्ये एखादा साधा १०/१०० स्विच टाकणे हाच सरळ उपाय.

मग भाषा. असे हब बहुधा एसएनएमपीची पहिलीच आवृत्ती बोलतात. त्यांना पुढच्या आवृत्तीत, व्ही२सी मध्ये, विचारले तर चूक कळवत नाहीत, गप्प बसतात. सॉफ्टवेअरला वाटते उपकरण बंद आहे. उपकरणाच्या सेटिंगमध्ये आवृत्ती हाताने व्ही१ करा. व्ही१ मध्ये बल्क नाही, ६४ बिटांचे काउंटर नाहीत. १० एमबीपीएसवर त्याचे नुकसान नाही: ३२ बिटांचा ऑक्टेट (बाइट मोजणारा) काउंटर पूर्ण वेगातही सुमारे ५७ मिनिटांनी फिरतो, ५ मिनिटांचे पोलिंग पुरून उरते. हाच काउंटर १०० एमबीपीएसवर सुमारे ३४३ सेकंदांत फिरतो, तिथे मात्र जेमतेमच.

व्ही१ चा खरा काटा वेगळा आहे. एका पॅकेटात दहा गोष्टी मागितल्या आणि त्यातली एक हबकडे नसेल, तर तो ‘नो सच नेम’ म्हणून सगळ्याच दहांना नकार देतो. व्ही२सी मध्ये फक्त त्या एकीपुढे ‘नाही’ येते, बाकी नऊ मिळतात. नवे सॉफ्टवेअर नवे रकाने गठ्ठ्याने मागते, जुना हब त्यातल्या एकामुळे गठ्ठाच परत करतो, आणि पान कोरे राहते. त्या उपकरणासाठी एका पॅकेटातल्या मागण्यांची संख्या कमी करा, अगदी १ पर्यंत. एसएनएमपीच्या प्रत्येक एजंटाने किमान ४८४ बाइटांचा संदेश स्वीकारावा एवढीच अट आहे, आणि जुन्या हबमध्ये त्याहून फार मोकळीक असेल असे धरून चालू नका. ‘टू बिग’ असे उत्तर आले तर तेच कारण.

राहिली मॉड्यूल्स. ती एंटिटी टेबलात सापडणार नाहीत, कारण हे टेबल येण्याआधीचे ते फर्मवेअर. इंटरफेस टेबलातही सापडणार नाहीत. रिपीटरचे पोर्ट तिथे मोजायचेच नसतात; सगळा हब मिळून एखादाच इंटरफेस दिसतो. त्यांची जागा रिपीटर एमआयबीत, १.३.६.१.२.१.२२ खाली. ही आधी १९९२ च्या आरएफसी १३६८ मध्ये आली, मग १९९३ च्या १५१६ मध्ये, आणि १९९७ च्या २१०८ मध्ये एकाच पेटीत अनेक रिपीटर असण्याची सोय झाली. इथे मॉड्यूलला ‘ग्रुप’ म्हणतात. १.३.६.१.२.१.२२.१.१.१.० मध्ये जास्तीत जास्त किती ग्रुप बसतात ते कळते. १.३.६.१.२.१.२२.१.२.१ हे ग्रुपचे टेबल: रकाना ३ मध्ये मॉड्यूलची ओळख, ४ मध्ये स्थिती, ६ मध्ये पोर्टांची संख्या. स्थितीत २ म्हणजे चालू, ३ बिघडलेले, ४ म्हणजे तिथे नाहीच.

लिबरएनएमएसची नेहमीची डिस्कव्हरी हे टेबल विचारत नाही, म्हणून कुठलेही बटण दाबून मॉड्यूल्स येणार नाहीत. त्यातल्या सर्व्हिसेस भागात नेगिऑस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचा चेक-एसएनएमपी प्लगइन जोडा. प्रत्येक ग्रुपसाठी १.३.६.१.२.१.२२.१.२.१.१.४ पुढे ग्रुपचा क्रमांक द्या, आणि २ शिवाय काहीही आले तर इशारा लावा. चार मॉड्यूल्सच्या हबला चार चेक, अर्ध्या तासाचे काम. त्याच फांदीवर १.३.६.१.२.१.२२.१.३.१.१.४ हा पोर्टचा रकाना लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिथे २ आले तर लागोपाठच्या टकरांमुळे हबने तो पोर्ट स्वतःहून तोडला आहे. बहुधा खराब केबल किंवा फुल डुप्लेक्सवर बांधलेले मशीन.

रिपीटर टेबलही रिकामे आले तर मॅनेजमेंट कार्डाची बॅटरी बघा. सेटिंग बॅटरीवर राखणारी कार्डे बॅटरी संपली की कारखान्यातल्या मूळ स्थितीत परततात: आयपी जातो, कम्युनिटी पुन्हा ‘पब्लिक’ होते. वीज गेल्यानंतरच्या सोमवारी हब गायब होत असेल तर हाच संशय धरा. आणि आयपी परत दिलात की कम्युनिटी बदलायलाही विसरू नका. व्ही१ मध्ये ती उघड्या अक्षरांत जाते, म्हणून हब वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये ठेवा, फक्त सर्व्हरच्या आयपीला परवानगी द्या, आणि लिहिण्याची कम्युनिटी बंद करा.

मॅनेजमेंट कार्डच मेले असेल तर त्याच्या शोधात भंगारबाजार पालथा घालू नये, असे माझे मत. हब तसाही ट्रॅफिक देत राहील. त्याच्या अपलिंकचा स्विच पोर्ट नीट मॉनिटर करा आणि पुढच्या शटडाउनमध्ये हब बदलण्याची तजवीज करा.

हे सगळे करूनही स्लॉट २ किंवा ८ अडून राहिला तर पुढे विचारताना या गोष्टी सोबत द्या: सिसऑब्जेक्टआयडीचे उत्तर आकड्यांत, ‘शो व्हर्जन’, ‘शो मॉड्यूल’, ‘शो पॉवर’, दोन्ही स्लॉटांचे ‘शो आयडीप्रॉम मॉड्यूल’, एंटिटी टेबलाचा पूर्ण वॉक आकड्यांत, आणि त्या उपकरणाची डीबगसह चालवलेली डिस्कव्हरी. कम्युनिटी आणि पासवर्ड मात्र आधी खोडा.